ओळ सात, घर एकोणीस

भोरला कचेरीसमोरच्या बोळात माझ्या वडिलांचा टंकलेखनाचा वर्ग होता. तिथं येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला वडील पहिले पंधरा दिवस कळांवर फडकं टाकून बसवत. खाली बघून कळा बडवतो तो कारकून आणि न बघता चालवतो तो टंकलेखक, असं त्यांचं म्हणणं होतं. पोरं फडक्याखालून चोरून बघत आणि मी त्यांच्या बोटांवर पट्टी मारत असे. त्यामुळे खरोखरच दृष्टी नसलेला माणूस एक दिवस दारात येऊन उभा राहिला, तेव्हा वडिलांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

कोयनेचा भूकंप होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते, लग्न जमत नव्हतं, आणि ते का जमत नव्हतं हे आमच्या आळीत कुणालाही विचारलं तरी कळलं असतं. मी तोंडाची फटकळ होते. वडील दिवसभर कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहीत आणि वर्ग माझ्यावर टाकून जात. चार यंत्रं होती, त्यातलं मराठी एकच.

आलेले गृहस्थ वेल्ह्याच्या बाजूचे होते, तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावातले. आज लिहिताना मी त्यांना ‘ते’ म्हणते आहे. तेव्हा घरात बोलताना मी सरळ ‘तो’ म्हणायचे, आणि ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे होते हे मला ठाऊक होतं. ते बौद्ध होते. सातवी पास होऊन रस्त्याच्या कामावर हजेरी मांडायला लागले होते. खाणीत सुरुंग अवेळी उडाला आणि दोन्ही डोळे गेले. बरोबर त्यांची आई होती, काटक आणि अबोल. वर्गात माठ एकच होता. पहिल्याच दिवशी त्या बाईंनी त्यातून पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोन विद्यार्थी यायचे बंद झाले. वडिलांनी त्यांच्या घरी जाऊन चौकशीसुद्धा केली नाही. ही एक गोष्ट आठवली की मला वडिलांचा अभिमान वाटतो.

त्या गृहस्थांना काय हवं होतं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वेल्ह्याला एक संस्था होती. तिथले सेक्रेटरी त्यांना शाळेपासून ओळखत. संस्थेला मराठी टंकलेखक हवा होता, आणि चांगलं टाइप करणारा कुणी त्या डोंगरात राहायला तयार नव्हता. माझ्यासमोर बसून एक पत्र नीट टाइप करून दाखव, जागा तुझी, असं सेक्रेटरींनी सांगितलं होतं. डोळे गेल्यापासून ते घरात बसून होते. आईच्या जिवावर भाकरी खायची त्यांना लाज वाटत होती, आणि तेही त्यांनी आईच्या देखत सांगितलं.

वडिलांनी अडचण एकच काढली. टाइप करणं जमेल, पण काय टाइप झालं ते कळणार कसं? त्यावर ते म्हणाले, वाचून दाखवणारं कुणी असलं की झालं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, बघू.

आठवडाभर ते भोरलाच आपल्या आत्याकडे राहत आणि शनिवारी चेलाडीवरून एस.टी. बदलून गावी जात. आईसुद्धा बहुतेक वेळ त्यांच्याबरोबर असे. ती वर्गाच्या उंबऱ्याशी हिरडे निवडत बसे. मधल्या रांगेतल्या ठरावीक कळांवर मी लाखेचे ठिपके दिले, म्हणजे बोटांना आपापलं घर सापडावं. यंत्राला लाख फासलेली बघून वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण या नव्या विद्यार्थ्याची बोटं इतकी लवकर बसली, की फडक्याखालून बघणाऱ्या माझ्या बाकीच्या शहाण्यांची मला लाज वाटली. शिकवण्यासारखं फार नव्हतंच. ज्याला चोरून बघता येत नाही, त्याला शिकवायला सोपं जातं.

खरे नाकी नऊ आणले ते दुरुस्तीनं. चूक झाली हे कळलं, तरी ती कागदावर नेमकी कुठं आहे? डोळस माणूस नजर टाकतो आणि रबर उचलतो. त्यांना मी ‘तिसऱ्या ओळीत मध्यावर’ असं सांगितलं की ते नुसते हात मांडीवर ठेवून बसत. मला राग येई. तो राग त्यांच्यावर नव्हता, मला नीट सांगता येत नव्हतं त्याचा होता.

तोडगा त्यांनीच काढला. कागद गुंडाळणारा रूळ फिरवला की दर ओळीला ‘टक’ असा आवाज होतो. आम्हाला तो कधी ऐकूच आला नव्हता. ते म्हणाले, ओळी मी टकटक मोजून धरतो, तुमी फकस्त आकडा सांगा. राहिली आडवी जागा. रूळ ज्यावर बसवलेला असतो तो गाडा दर कळेला एक घर सरकतो. ती घरंही मोजायची. पण मराठी यंत्राची खोडी अशी, की मात्रा, उकार, अनुस्वार यांनी गाडा हलत नाही. त्यामुळे पहिले काही दिवस आमचे आकडे जुळेनात आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. मग ठरलं की गाडा हलवते तीच कळ मोजायची. वडिलांच्या एका जुन्या लोखंडी पट्टीवर कानशीनं दर पाच घरांना खाच पाडून घेतली आणि ती गाड्याला बांधली. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून एका अक्षराएवढी खिडकी असलेली पट्टी करून आणली. ती ओळ मोजून गाडा चुकीच्या घरावर न्यायचा, रबराला जागा व्हावी म्हणून रूळ सहा टक वर घ्यायचा, खिडकी बसवायची, रबर फिरवायचं, सहा टक खाली यायचं आणि योग्य कळ मारायची.

मग मी नुसतं म्हणायची, ओळ सात, घर एकोणीस. बोटं रुळावर जात, टकटक ऐकू येई, खाचेवरून अंगठा फिरे, आणि मी वीस मोजायच्या आत चूक गेलेली असे. पहिल्यांदा हे जमलं, तेव्हा मी खुर्चीवरून उठून वडिलांना बोलवायला कचेरीपर्यंत पळत गेले होते. रस्त्याने पळणारी मुलगी तेव्हा भोरात बातमी होत असे.

माझ्या भाचीची मुलगी हल्ली पुण्यात काँप्युटरवर काम करते. प्रोग्राम लिहिणाऱ्या अंध मुलांसाठी एक एडिटर करण्यात ती गुंतली आहे. म्हणजे ती मुलं लिहितील ते यंत्र त्यांना बोलून दाखवतं, कुठल्या ओळीत कितव्या जागी आहात तेही सांगतं. तिनं मला ते ऐकवलं. एक कोरडा आवाज कंस, टिंब, स्वल्पविराम, सगळं सांगत होता. मी तिला विचारलं, हे यंत्र कधी समोरच्याचं मन राखतं का गं? ती हसली. तिला वाटलं आजी गंमत करते आहे.

वाचून दाखवण्याचा नियम त्यांनी सुरुवातीलाच घालून दिला होता. शब्द वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. जे हाय ते वाचा, जे पायजे ते वाचू नका, असं ते म्हणत. हे सांगायला सोपं आहे, करून बघा. शिकलेल्या माणसाचा डोळा पुढे धावतो. ‘महाराष्ट्र’ असं अर्धं दिसलं की जीभ उरलेलं आपणच म्हणून मोकळी होते. पण मी कडक मुलगी होते. पहिले तीन महिने मी एकेक अक्षर मोजून वाचलं.

आणि ते ऐकणं फार जड असे. सकाळभर खपून काढलेल्या पानात मी पंधरा चुका सांगत असे. प्रत्येक आकड्याला ते मान हलवत. पंधरावा आकडा झाला की कागद यंत्रातून काढून हळूच घडी घालत. चिडत नसत, माझ्यासारखे फडाफडा बोलत नसत. त्यांची आई हिरडे निवडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. तिला आकड्यांमधलं काही कळत नव्हतं. माझ्या तोंडावरून ती मुलाचा दिवस कसा गेला ते ओळखायची. रोज त्या बाईंना वाईट बातमी माझ्या तोंडून कळे. मी फटकळ असले तरी दगड नव्हते.

मार्गशीर्षातली गोष्ट. वेल्ह्याहून सेक्रेटरींचा निरोप आला होता की जागा फार दिवस रिकामी ठेवता येणार नाही. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा एक अख्खं पान कुठंही न अडखळता, एका दमात टाइप केलं. शेवटची घंटी वाजली आणि ते मागे टेकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसा उजेड त्याआधी पाहिला नव्हता. आई उठून यंत्राशी आली होती. मी कागद काढला आणि पाहिलं. आमच्या यंत्रावर उजव्या करंगळीच्या ‘य’शेजारी अर्धा ‘श’ होता. लाखेचा ठिपका झिजला होता आणि वेगाच्या भरात करंगळी घसरून शेजारी जात होती. त्या अर्ध्या ‘श’ला पुढचा काना चिकटून, जिथे ‘संस्थेच्या’ हवं तिथं ‘संस्थेच्श’ झालं होतं. पानभर. मराठीत ‘च्या’ आणि ‘त्या’ किती येतात ते त्या दिवशी मला कळलं.

मला फक्त ‘ओळ एक, घर बारा’ म्हणून सुरुवात करायची होती. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ‘य’ वाचला. प्रत्येक ठिकाणी ‘य’ वाचला. शेवटी दोन किरकोळ चुका सांगितल्या, म्हणजे खरं वाटावं. एवढी अक्कल मला खोटं बोलताना बरोबर सुचली.

उद्या सांगू, असं मी मनाशी म्हटलं होतं. ठिपका मी त्याच संध्याकाळी नवा दिला. त्यामुळे चूक आपोआप जाईल अशी माझी समजूत. पण करंगळीला ती जागा आवडली होती, आणि नवा ठिपका त्यांना उलट अडचणीचा वाटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘श’. आता सांगायचं तर कालचं खोटं उघडं पडणार. एकदा मूग गिळले की ते रोज गिळावे लागतात. मी रोज ‘य’ वाचत गेले. ते खुलत गेले, वेग वाढत गेला. गावातले लोक त्यांच्याकडून अर्ज टाइप करून घेऊ लागले. ते अर्ज मी दुपारी दार लोटून पुन्हा टाइप करायची आणि त्यांच्या पिशवीत माझा कागद ठेवायची. गावात त्यांचं नाव झालं. खरं तर ते नाव माझ्या कागदांचं होतं.

वडिलांनी एकदा मला पकडलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी वाचले आणि विचारलं, हे तू कुणासाठी करतेस? मी तडकून म्हटलं की तुम्हाला काय जातंय, तो माणूस आनंदात आहे. वडील म्हणाले, लाडानं पोर बिघडतं, हाताचंही तसंच असतं. मी दार आपटून आत गेले. आपलं खरं नसलं की माझा आवाज चढतो, ही खोड अजून गेलेली नाही.

माघात आम्ही तिघं वेल्ह्याला गेलो. खाचांची पट्टी आणि ठिपके आमच्याच यंत्राला होते, म्हणून यंत्र चादरीत बांधून मी मांडीवर घेतलं होतं. एस.टी.त ते खिडकीशी बसले होते आणि कुठलं गाव आलं ते वळणांवरून सांगत होते. आई नवं लुगडं नेसली होती. मनात कुठंतरी मला वाटत होतं की निभावेल. सेक्रेटरी ओळखीचे आहेत, आंधळ्या माणसाच्या चार चुका कुणी मोजत नाही. माझ्या सगळ्या दयेच्या तळाशी हा विचार होता, आणि तो किती हलका आहे हे मला तेव्हा दिसलं नाही.

सेक्रेटरी वयस्क होते, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. त्यांनी खालच्या आवाजात एक पत्र सांगितलं, संस्थेच्या सभासदांना सभेला बोलावण्याचं. यंत्राशी बसून ते न थांबता टाइप करत गेले. बोटं सुरेख चालत होती. कचेरीतले दोघे-तिघे उठून बघायला आले आणि एकानं ‘वा’ म्हटलं. आईनं पदर तोंडाशी धरला. कागद काढून सेक्रेटरींनी डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि काही न बोलता शेजारच्या कारकुनाकडे दिला.

यंत्राशी बसलेल्या त्यांना ती शांतता कळली. ते कारकुनाला म्हणाले, “वाचून दावा. जसं हाय तसं.”

कारकून भाबडा होता. त्यानं जसं आहे तसं वाचलं. संस्थेच्श. सभासदांच्श. कार्यालयाच्श. दोन ओळींनंतर तो घुटमळला तेव्हा ते म्हणाले, वाचा, थांबू नका. पान संपेपर्यंत त्यानं वाचलं. मी तिथेच उभी होते. मधेच बोलता आलं असतं. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं की ही चूक सगळीकडे आहे का. कारकून म्हणाला, “व्हय, सगळीकडं.” सेक्रेटरी हळूच म्हणाले की ही एका दिवसाची चूक दिसत नाही, सवय दिसते. कुणी सांगितलं नाही का?

ते माझ्या दिशेला वळले. “बाई, ह्ये कवापासनं?”

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. मी म्हटलं, मार्गशीर्षापासून.

सेक्रेटरी भले होते. जागा पाडव्यापर्यंत कशीतरी ठेवतो, हात सुधारून या, असं त्यांनी सांगितलं. आम्ही यंत्र बांधलं आणि स्टँडवर येऊन बसलो. एस.टी.ला तासभर होता. आई एकदा माझ्याकडे, एकदा मुलाकडे बघत होती. काय बिघडलं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तसं केलं.

ते म्हणाले, “डोळं गेलं त्यात तुमचा काय दोष न्हाई. पन चुका माज्या व्हत्या, बाई. माज्या मला द्यायला पायजे व्हत्या. तुमी त्या बी काडून घेतल्या.”

भोरपर्यंत मी यंत्र मांडीवर घेऊन रडत होते. ते त्यांना दिसत नव्हतं, आणि दिसत नाही याचं मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची मला आजही शरम वाटते.

ते परत येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पाचव्या दिवशी मायलेक दोघं आले. वडिलांना नमस्कार करून ते यंत्राशी बसले आणि आईनं हिरड्याची पाटी उंबऱ्यावर न ठेवता मुलाशेजारी स्टूल ओढलं. मला वाटलं जवळ बसायचं असेल. त्यांनी वडिलांकडून काचकागदाचा तुकडा मागून घेतला, कापून अर्ध्या ‘श’च्या कळेवर चिकटवला, म्हणजे चुकून बोट गेलं तर खरखर लागावी. मग चार ओळी टाइप केल्या, कागद वर घेतला आणि म्हणाले, “सांग, आये.”

त्या बाईंना अक्षरओळख नव्हती. शाळेची पायरीही त्या चढल्या नव्हत्या. चार दिवस घरी मुलानं आईच्या तळहातावर अक्षरं काढली होती आणि नाचणीच्या पिठात तिच्याकडून गिरवून घेतली होती. निम्मी अक्षरं तिला नावानं येत होती. उरलेली ती दिसतील तशी सांगे. गोल आन शेपूट. काठी. डोक्यावर मात्रा. बोट ठेवून ती एकेक सांगत गेली. शब्द कुठे संपतो ते तिला कळत नव्हतं, त्यामुळे ती कुठेच थांबत नव्हती. परातीतल्या भाकरी मोजाव्यात तसा तिचा आवाज सरळ चालला होता. आणि मग ती म्हणाली, “हितं त्योच, अर्दा.” त्यांनी विचारलं, कितवं घर. तिनं बोटांवर मोजून सांगितलं. टकटक ऐकू आली, खिडकी बसली, रबर फिरलं.

ती चूक आहे हे तिला माहीत नव्हतं. तिथे काय हवं होतं तेही माहीत नव्हतं. म्हणून तिला खोटं सांगता येणंच शक्य नव्हतं. मी पलीकडच्या टेबलाशी बसून दुसऱ्या एका विद्यार्थ्याचं पान तपासत होते. मला राग आला होता. पट्टीच्या खाचा मी पाडून घेतल्या होत्या, लाख मी लावली होती, पळत कचेरीपर्यंत मी गेले होते. आणि आता माझ्या जागी एक अडाणी बाई बसली होती. हे मी इथं मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवशी मला पश्चात्तापाआधी मत्सर वाटला.

मग मात्र मी ते रोज ऐकलं. सकाळी नऊ ते बारा, एकेक अक्षर. पहिल्या आठवड्यात पानाला वीस वेळा ‘अर्दा’ येई. मुलाचा चेहरा उतरे, पण तिचा आवाज बदलत नसे. माझ्या तोंडाकडे बघून दिवस ओळखणारी ती आई आता कागदाकडे बघत होती. फाल्गुन लागेपर्यंत ‘अर्दा’ दोन-तीनदाच येऊ लागला. एकदा एस.टी. स्टँडवरची पाटी तिनं आपली आपण जोडून वाचली, ‘भोर’, आणि आल्याबरोबर वर्गात सगळ्यांना सांगितलं. ते तेव्हा मोठ्यानं हसले. त्यांचं हसणं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. पण यंत्राशी बसल्यावर ती एखादा शब्द जोडू लागली की ते लगेच अडवत. आये, शबूद नगं, अक्षर सांग.

त्यांना ती जागा मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते. पाडव्यानंतर ते वेल्ह्याला गेले आणि पुढं कित्येक वर्षं त्यांनी तिथं काम केलं. त्यांची पत्रं वडिलांना येत. नीट, समासात, खाडाखोड नसलेली. माझ्यासाठी त्यात दरवेळी नमस्कार असे.

मला सांगायचं आहे ते जाण्याच्या आदल्या दिवसाचं. शेवटचं पान काढून झालं होतं, आईनं स्टूल ओढलं होतं. मी उठून त्यांच्यापाशी गेले. माफी मी आधी मागितली होती, दोनदा, आणि दोन्ही वेळा ते ‘असू द्या’ म्हणाले होते. या वेळी मी म्हटलं, हे एक पान मला वाचू द्या. अक्षर न् अक्षर, जसं आहे तसं. वडिलांच्या पायांची शपथ घेते. वडील दारातच उभे होते.

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

“तुमच्यावर माजा राग न्हाई, बाई,” ते म्हणाले. “पन तुमाला वाचता येतं.”

आईनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली.